कंपाउंडरकाका ते औषधतज्ज्ञ : पेण-रोह्याकडील हकीकत



आजच्या भाषणासाठीं मीं जो विषय निवडला आहे तो ऐकून कित्येकांस नवल वाटेल. इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें किल्ले, लढाया आणि तह उभे राहतात. आणि आमच्या रायगड जिल्ह्यांतील मनुष्यानें इतिहासावर बोलावयाचें म्हटल्यावर तर रायगडाखेरीज दुसरें कांहीं बोलणें हा जवळजवळ अपराधच. परंतु मी आज बोलणार आहें तो इतिहास पेण आणि रोहा या दोन गांवांच्या बाजारपेठेंतील औषधांच्या दुकानांचा, म्हणजे ज्यांना आपण नुसतें ‘मेडिकल’ म्हणतों त्यांचा आहे. मी वैद्य नाहीं, डॉक्टर नाहीं. मॅट्रिक होऊन सदतीस वर्षें मुलांना पाढे आणि शुद्धलेखन शिकविलेला एक निवृत्त शाळामास्तर आहें. मधुमेह आणि हृद्रोग या दोन व्याधी मात्र आमच्या घरीं पन्नासांहून अधिक वर्षें वस्तीला आहेत. तेवढ्या काळांत डॉक्टर बदलले, औषधें बदललीं, पण दुकानाच्या फळीपलीकडे उभा राहणारा मनुष्य आमच्या घरच्यासारखाच राहिला. त्याच्या धंद्याची कुळकथा शोधावी असें निवृत्तीनंतर मनांत आलें, आणि जें हातीं लागलें तें आज सांगतों.

मधुमेह हा कांहीं विलायतेहून आलेला रोग नव्हे. आपल्या जुन्या वैद्यांनीं प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आणि त्यांत मधुमेहाची गणना केली. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात ही गोष्ट त्यांच्या नजरेंतून सुटली नव्हती. सुश्रुतानें तर सहज, म्हणजे जन्मतःच बीजदोषानें आलेला, आणि अपथ्यनिमित्तज, म्हणजे खाण्यापिण्याच्या अपथ्यानें जडलेला, असे प्रमेहाचे दोन भेद केले आहेत. आजचे डॉक्टर मधुमेहाचे जे दोन मुख्य प्रकार सांगतात त्यांच्याशीं हा भेद अगदीं तंतोतंत जुळतो असें मी म्हणणार नाहीं. तसें म्हणण्याचा मोह आपल्याकडे पुष्कळांना होतो. पण त्या काळीं नुसत्या डोळ्यांनीं एवढें पाहिलें, हें थोडें नव्हे. मूत्रांतील गोडी ती साखरेचीच, हें मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज वैद्यानें १७७६ सालीं प्रयोगानें दाखविलें.

त्या जुन्या व्यवस्थेंत औषध सांगणारा आणि औषध करणारा मनुष्य एकच असे. वैद्यबुवा नाडी पाहत आणि घरींच खलांत औषध घोटीत. हिरडा, बेहडा, सुंठ, पिंपळी हा माल किराण्याच्या दुकानांतून येई. औषधें तयार करणें हा स्वतंत्र उद्योग आमच्या बाजूस उभा राहिला तो पनवेलीस. पेणहून पनवेल म्हणजे सुमारें दहा कोसांची वाट. तेथें पुराणिक घराण्यानें १८७२ सालीं श्रीधूतपापेश्वर या नांवानें आयुर्वेदीय औषधांचा कारखाना काढला. बाटलींत भरलेलें आणि वर नांव छापलेलें आसव किंवा अरिष्ट मिळूं लागल्यावर वैद्य एका गांवीं, कारखाना दुसऱ्या गांवीं आणि विकणारा तिसऱ्याच ठिकाणीं, अशी वांटणी झाली. ही वांटणी लक्षांत ठेवावी. पुढची सारी कथा तिच्यांतूनच निघते.

डॉक्टरानें चिठ्ठी लिहावयाची आणि औषध मात्र त्यासाठींच शिकलेल्या निराळ्या मनुष्यानें करावयाचें, ही पद्धत पश्चिमेकडील. कोंकणपट्टींत तिचें शिक्षण प्रथम मिळूं लागलें तें इंग्रजी मुलुखांत नव्हे, तर गोव्यांत. पणजीस १८४२ सालीं पोर्तुगीज सरकारनें वैद्यकाची शाळा काढली, तींत औषधशास्त्राचाहि वर्ग होता. मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालें तें १८४५ सालीं. तेथून डॉक्टर बाहेर पडूं लागले. पण तालुक्याच्या गांवीं औषध देणारा तयार होई तो अनुभवाच्या शाळेंत. डॉक्टराच्या हाताखालीं जो मुलगा बाटल्या धुवावयास राही, तोच चारपांच वर्षांनीं कंपाउंडर होई. काचेच्या मापांतून लाल-पिवळें मिक्श्चर भरावें, बाटलीवर कातरलेली कागदाची पट्टी चिकटवावी आणि ‘एका खुणेपर्यंत एक डोस, बाटली हालवून घ्या’ असें सांगावें, हें त्याचें काम. माझ्या वयाच्या श्रोत्यांना ती पट्टी आठवत असेलच.

इकडे हा कंपाउंडर बाटल्या भरीत असतां तिकडे कॅनडांत टोरांटो शहरीं १९२१ सालीं फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनीं स्वादुपिंडांतून इन्सुलिन वेगळें काढलें. ११ जानेवारी १९२२ रोजीं लेनर्ड थॉम्प्सन नांवाच्या चौदा वर्षांच्या मुलास तें प्रथम टोंचण्यांत आलें. तो अर्क अशुद्ध असल्यामुळें त्याचा गुण आला नाहीं. बारा दिवसांनीं अधिक शुद्ध केलेला दिला, तेव्हां मुलगा सुधारूं लागला. तोंपर्यंत अशा मुलांस जवळजवळ उपाशी ठेवून मरण लांबविणें एवढाच उपाय डॉक्टरांपाशीं होता. हा शोध टोरांटो विद्यापीठास एकेका डॉलरास देऊन टाकण्यांत आला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु तिच्याइकीच मोठी दुसरी गोष्ट फारशी कोणी बोलत नाहीं. इन्सुलिन आल्यानें मरणाचा रोग जन्माचा सोबती झाला. रोगी इस्पितळांतून घरीं आला, आणि दररोज सुई टोंचणें, साखर तपासणें, जेवणाची वेळ सांभाळणें हीं सारीं कामें त्याच्या स्वयंपाकघरांत आलीं. डॉक्टर त्या स्वयंपाकघरांत रोज येऊं शकत नव्हता. मग शिकवावें कोणी?

आपल्या देशांत या प्रश्नास तोंड फुटण्यापूर्वीं त्याहून प्राथमिक प्रश्न सोडवावा लागला: बाटलींत आहे तें औषध तरी खरें आहे काय? हिंदुस्थान सरकारनें १९३० सालीं कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशीसमिति नेमली. पुढील वर्षीं तिचा अहवाल आला. बाजारांत हिणकस औषधांचा सुळसुळाट आहे, त्यास आळा घालणारा कायदा हवा आणि औषध देणारा मनुष्यहि शिकलेला हवा, असा त्याचा मथितार्थ. प्राध्यापक महादेवलाल श्रॉफ यांनीं काशी हिंदु विश्वविद्यालयांत १९३२ सालीं या शास्त्राच्या अध्यापनास आरंभ केला. सरकारी गाडा मात्र आपल्या चालीनेंच चालला. औषधांचा कायदा झाला १९४० सालीं, त्याचे नियम १९४५ सालीं, आणि औषध देणाऱ्या मनुष्याविषयींचा फार्मसी कायदा झाला स्वातंत्र्यानंतर, १९४८ सालीं. मालाचा कायदा आधीं आणि माणसाचा आठ वर्षांनीं!

या १९४८ च्या कायद्याच्या बेचाळिसाव्या कलमानें, डॉक्टराच्या चिठ्ठीवरचें औषध करण्याचा व देण्याचा अधिकार नोंदणी झालेल्या औषधतज्ज्ञाचाच, असें ठरविलें. पण शाळाच थोड्या, तेथें शिकलेलीं माणसें आणावीं कोठून? म्हणून पहिल्या नोंदवहींत, दवाखान्यांत पांच वर्षें औषधें करण्याचें काम केलेल्या अनुभवी मनुष्यासहि जागा ठेवली. आमचे कंपाउंडरकाका आंत आले ते या दारानें.

रोह्याच्या बाजारपेठेंत त्यांचें दुकान होतें. त्यांचें नांव मी सांगत नाहीं. नांव गाजलेलें त्यांना आवडलें नसतें. माझे वडील रोह्यास कारकून होते. १९७२ सालीं, ज्या वर्षीं महाराष्ट्रांत मोठा दुष्काळ पडला, त्या वर्षीं वडिलांचें वजन झपाट्यानें उतरूं लागलें आणि रात्रींतून पांचपांच वेळां ते पाणी पिण्यास उठूं लागले. डॉक्टरांनीं मधुमेह ठरविला आणि इन्सुलिन लिहून दिलें. डॉक्टरांचें काम अर्ध्या घटकेंत झालें. काकांचें पुढें अकरा वर्षें, म्हणजे वडील असेपर्यंत, चाललें.

आमच्या घरीं शीतपेटी कोठची असणार? रोह्यास तेव्हां आगगाडीहि नव्हती. आपट्याहून ती रोह्यापर्यंत पोंचली १९८६ सालीं. काका मुंबईहून इन्सुलिनच्या कुप्या थर्मासांत बर्फ घालून एस्. टी.नें आणवीत. कुपी फडक्यांत गुंडाळून मगच बर्फांत ठेवावी असा त्यांचा कटाक्ष असे. बर्फाला टेकून गोठलेलें इन्सुलिन फुकट जातें, हें ते बजावून सांगत. घरीं ठेवण्यासाठीं त्यांनीं आईला युक्ति सांगितली. मोठ्या मडक्यांत ओली वाळू, वाळूंत लहान मडकें, त्यांत कुपी, वर ओलें फडकें, आणि तें सारें वाऱ्याच्या खिडकीशीं. कुंडलिकेच्या पात्रांतून वाळू आणण्याचें काम माझें. कांचेची पिचकारी रोज उकळावी लागे. तेंहि काकांनींच दुकानाच्या मागच्या पडवींत स्टोव्ह पेटवून दाखविलें.

साखर तपासण्याची रीत त्या वेळीं बेनेडिक्टची. नळींत पांच घन सेंटीमीटर निळें पाणी घ्यावयाचें, त्यांत लघवीचे आठ थेंब टाकावयाचे आणि दिव्यावर उकळावयाचें. निळें तें निळेंच राहिलें तर साखर नाहीं. हिरवें, पिवळें, नारिंगी असें चढत चढत विटकरी झालें तर साखर फार. माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. काकांनीं एका कार्डावर रंगीत पेन्सिलींनीं पांच चौकोन काढले आणि म्हणाले, “वहिनी, तुम्हांला वाचतां येत नसलें तरी लुगड्याचा रंग पारखतां येतो ना? मग झालें!” त्या दिवसापासून आई रोज सकाळीं तें कार्ड वाची. विटकरी रंग आला कीं मला काकांकडे पिटाळीत असे. काका स्वतःच्या अकलेनें मात्रा कधीं बदलीत नसत. डॉक्टरांना विचारून येत आणि मग सांगत. हा संयम मोठा होता. लोक त्यांना ‘डॉक्टर’ म्हणत तेव्हां ते चिडत.

पुढें वडिलांना रक्तदाबहि जडला. आतां येथें मला जरा आडवळणानें जावयाचें आहे, कारण ही कथा आपल्याच मुलुखाची आहे. आपल्या वैद्यांना सर्पगंधा नांवाची वनस्पति ठाऊक होती. उन्माद आणि निद्रानाश यांवर तिची मुळी देत. तिनें रक्तदाब उतरतो असें सेन आणि बोस या दोन बंगाली संशोधकांनीं १९३१ सालीं लिहिलें, पण जगानें तिकडे पाहिलें नाहीं. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं तिचा पद्धतशीर अनुभव घेऊन १९४९ सालीं इंग्लंडांतील हृद्रोगविषयक नियतकालिकांत पन्नास रोग्यांची हकीकत छापली, तेव्हां अमेरिकेचे डॉक्टर जागे झाले. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांतील संशोधकांनीं त्या मुळींतून रिसर्पिन हें द्रव्य वेगळें काढलें, आणि जी मुळी आपल्याकडे कुटीत होते तीच गोळी होऊन परत आली. डॉ. वकिलांना त्याबद्दल १९५७ सालीं अमेरिकेंतील लॅस्कर पारितोषिक मिळालें. शाळेंत मीं कितीतरी मुलांना एडिसनची गोष्ट सांगितली. वकिलांची सांगितली नाहीं, कारण मलाच ती माहीत नव्हती.

तर वडिलांना रिसर्पिनची गोळी सुरू झाली. रक्तदाब उतरला, पण दोनतीन महिन्यांनीं वडील बोलेनासे झाले. भजनाला जाणें सोडलें, भिंतीकडे तोंड करून निजत. आम्हांला वाटलें, आजारानें मनुष्य खचतो तसेंच हें. महिन्याच्या गोळ्या न्यावयास वडील स्वतः गेले असतां काकांनीं त्यांचा चेहरा पाहिला, आणि संध्याकाळीं दुकान बंद करून ते डॉक्टरांकडे गेले. या गोळीनें कांहीं रोग्यांचें मन खिन्न होतें हें वैद्यकग्रंथांत नमूद आहे. काकांनीं तें वाचलें होतें कीं दुसऱ्या गिऱ्हाइकावरून ताडलें होतें, देव जाणे. डॉक्टरांनीं गोळी बदलली. कांहीं आठवड्यांनीं वडील पुन्हां भजनाला जाऊं लागले.

त्यानंतरच्या काळांत या धंद्यांत मोठा पालट झाला. १९५७ सालीं मुंबईस बाँबे कॉलेज ऑफ फार्मसी निघालें, पुढें जिल्ह्याजिल्ह्यांत विद्यालयें झालीं आणि शिकलेले औषधतज्ज्ञ आमच्या पेठेंत आले. पण गंमत अशी कीं, ते येईपर्यंत त्यांच्या हातांतलें काम निघून गेलें होतें. मिक्श्चर गेलें, मलमें गेलीं, खल गेला. सारें कारखान्यांत तयार होऊन चंदेरी पट्ट्यांत बंद होऊन येऊं लागलें. ज्याचे हात औषध करण्यासाठीं शिकले तो कात्रीनें पट्टी कापूं लागला. पुष्कळांस वाटलें, आतां या मनुष्याची गरज ती काय? कपाट उघडून डबी देणें तर शाळेंतला शिपाईहि करील.

मला वाटतें, त्याची खरी गरज नेमकी तेव्हांच सुरू झाली. आमच्या बाजूचें खाणें तुम्ही जाणतांच. पेणचा पापड आणि लोणचें, खारेपाटांतलें सुकें मासळें आणि तिन्ही त्रिकाळ भात. त्याच्या जोडीला आतां मोटारसायकल आली आणि पायीं चालणें गेलें. गणपतीच्या कारखान्यांतील मूर्तिकार श्रावणाच्या आधींपासून दिवसदिवस एका बैठकीवर असतात. रोह्याजवळ धाटावच्या रासायनिक कारखान्यांतून तीन पाळ्या चालतात. ‘गोळी न्याहारीपूर्वीं घ्या’ असें डॉक्टर लिहितो, पण रात्रपाळीच्या कामगाराची न्याहारी कोणती, हें त्याला कोण विचारतो? तो प्रश्न कामगार डॉक्टराला विचारीत नाहीं. दुकानाच्या फळीवर कोपर टेकून विचारतो.

सहासात वर्षांपूर्वींची गोष्ट. माझे वडील बंधु पेणला असतात. हृदयाची रक्तवाहिनी उघडून घेऊन ते एका मोठ्या इस्पितळांतून घरीं परतले, बरोबर औषधांची हातभर यादी. मधुमेहाची जुनी गोळी चालूच होती. चार दिवसांनीं पहांटे त्यांना दरदरून घाम सुटला, हातपाय कांपूं लागले, बोलणें असंबद्ध झालें. वहिनींनीं प्रसंगावधानानें साखरेचें पाणी पाजलें म्हणून निभावलें. सकाळीं मी चिठ्ठ्या आणि पट्ट्या पिशवींत घालून बाजारांतल्या दुकानीं गेलों. तेथें औषधतज्ज्ञ म्हणून काम करणारी मुलगी माझ्या हाताखालीं चौथी इयत्तेला होती. तिनें सगळ्या पट्ट्या फळीवर मांडल्या, चष्मा पुसला आणि दोन पट्ट्या बाजूला काढून म्हणाली, “गुरुजी, नांवें दोन, कंपन्या दोन, पण आंत औषध एकच आहे, ग्लिमेपिराइड. दादा दुप्पट घेताहेत.” लगेच तिनें पेणच्या डॉक्टरांना दूरध्वनि केला, आणि त्यांनीं एक गोळी बंद करविली. यादी लिहिणारे मोठे डॉक्टर, जुनी गोळी देणारे गांवचे डॉक्टर आणि दोन्ही चिठ्ठ्या सांभाळणारे आम्ही, यांतल्या एकाच्याहि ध्यानीं न आलेली गोष्ट तिला दिसली, कारण दोन्ही कागद एकत्र पाहणारी ती एकटीच होती.

तिनेंच मला सुईचाहि भेद शिकविला. आपल्याकडे इन्सुलिनची कुपी चाळीस एककांची मिळते आणि शंभर एककांचीहि. चाळीसच्या कुपीची पिचकारी लाल टोपणाची, शंभरची केशरी टोपणाची. अदलाबदल झाली तर मात्रा अडीचपटींनीं चुकते. एकीकडे कमी, दुसरीकडे जास्त, आणि जास्त झाली तर जिवावर बेततें. म्हणून कुपी पाहिल्यावांचून ती पिचकारी देत नाहीं. गिऱ्हाईक कुरकुरतें, क्वचित् शेजारच्या दुकानांत जातें.

आतां नाण्याची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. कांहीं दुकानांत भिंतीवर टांगलेल्या दाखल्यावर नांव एकाचें आणि फळीपाशीं उभा दुसराच, हा प्रकार आपण सर्वांनीं पाहिला आहे. आणि सारा दोष दुकानदाराचाहि नव्हे. रक्तदाबाच्या एकाच जुन्या चिठ्ठीवर मीं स्वतः तीन वर्षें गोळ्या घेतल्या. डॉक्टरांकडे गेलों नाहीं, कारण शंभर रुपये वांचत होते आणि प्रकृति बरी वाटत होती. मला कोणी विचारलें नाहीं, आणि विचारलें असतें तर मला राग आला असता. शेवटीं तपासलें तेव्हां मूत्रपिंडांवर थोडा परिणाम झालेला आढळला. मास्तरानें दुसऱ्यांच्या वह्या तपासाव्या, स्वतःची तपासूं नये, ही आमची जुनी खोड.

२०१५ सालच्या जानेवारींत औषधव्यवसायाचे नवे नियम झाले. रोग्यास औषधाची माहिती समजावून सांगणें हें औषधतज्ज्ञाचें कर्तव्य, असें त्यांत लिहिलें आहे. नियम उत्तम आहे. पण समजावण्याच्या त्या दहा मिनिटांचे पैसे कोण देणार, हा व्यवहाराचा प्रश्न राहतोच. दुकान चालतें विकलेल्या पट्टीवर; न विकलेल्या पट्टीवर नव्हे. माझ्या त्या विद्यार्थिनीनें दादांची एक गोळी बंद करविली, म्हणजे आपलें एक गिऱ्हाईक तेवढ्यापुरतें कमी केलें. अमेरिकेंत अॅशव्हिल नांवाच्या शहरीं नगरपालिकेनें १९९६ सालीं एक प्रयोग आरंभिला. मधुमेही नोकरांनीं ठराविक औषधतज्ज्ञाला नियमानें भेटावें, त्यानें साखर, औषध, खाणें यांची चौकशी करावी, आणि त्या भेटीचे पैसे नगरपालिकेनें द्यावे. रोग्यांची साखर सुधारली आणि नगरपालिकेचा दवापाण्यावरचा एकूण खर्च उतरला. इंग्लंडांत २०२१ च्या ऑक्टोबरपासून औषधांच्या दुकानांतून रक्तदाब तपासण्याची सरकारी योजना आहे, तीहि दुकानदाराला मोबदला देऊनच.

आपल्याकडे हा प्रश्न लहान नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचा निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणें देशांत दहा कोटींवर लोक मधुमेही आहेत आणि साडेतेरा कोटींहून अधिक त्याच्या उंबरठ्यावर. इतक्यांची दरमहा विचारपूस करतील एवढे डॉक्टर कोठून आणावयाचे? दुकानाच्या फळीपाशीं मात्र हे लोक दरमहा येतातच.

वडिलांचें तें रंगांचें कार्ड आईनें देव्हाऱ्याच्या खणांत जपून ठेवलें होतें. आई गेल्यावर तें माझ्याकडे आलें. गेल्या वर्षीं मीं तें पेणच्या त्या मुलीला दाखविलें. आतां बोटाच्या टोंकांतून रक्ताचा थेंब काढला कीं यंत्र क्षणांत आंकडा दाखवितें. बेनेडिक्टचें पाणी तिनें विद्यालयाच्या प्रयोगशाळेंत एकदोनदां उकळलें असेल तेवढेंच. तिनें कार्ड उलटसुलट करून पाहिलें आणि विचारलें, “गुरुजी, याची नक्कल काढूं? आमच्याकडे खारेपाटांतून दोन म्हाताऱ्या येतात, त्यांना यंत्रावरचा आंकडा वाचतां येत नाहीं.” मग तिनें कागद घेतला, आंकड्यांच्या हद्दी ठरविण्यासाठीं डॉक्टरांना विचारावें लागेल म्हणून त्या जागा कोऱ्या सोडल्या, आणि कोपऱ्यांतल्या डब्यांतून रंगीत पेन्सिली काढल्या.